पदकासोबत पावतीही छापावी

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

आपल्या शहर पुरवणीत वर्षातील काही ठरलेल्या महिन्यांत एक बातमी हमखास येते. मार्चमध्ये टोकियो, एप्रिलमध्ये बोस्टन आणि लंडन, २०२५पासून ऑगस्टच्या अखेरीस सिडनी, सप्टेंबरात बर्लिन, ऑक्टोबरात शिकागो आणि नोव्हेंबरात न्यूयॉर्क अशा जगातील सात प्रमुख मॅरेथॉनपैकी एखादी आपल्या शहरातील कोणी डॉक्टर, उद्योजक किंवा संगणक अभियंता पूर्ण करतात. गळ्यात पदक आणि खांद्यावर तिरंगा असे त्यांचे छायाचित्र छापले जाते, शर्यतीला लागलेला वेळ तास-मिनिट-सेकंदांसह दिला जातो आणि शेवटी एक वाक्य येते, की या निमित्ताने त्यांनी एका सामाजिक संस्थेसाठी निधीही उभारला. संस्था कोणती, निधी किती, तो कोणी दिला आणि त्यातून धावपटूच्या प्रवासाचा खर्च वजा झाला की नाही, यांपैकी कशाचाही उल्लेख नसतो. हे पत्र त्या शेवटच्या वाक्याविषयी आहे.

सार्वजनिक न्यासांचे हिशेब तपासणे हा माझा व्यवसाय आणि पहाटे टेकडीवर धावणे ही माझी हौस. त्यामुळे या विषयाच्या दोन्ही बाजूंना माझी माणसे आहेत आणि दोन्हीकडून कानांवर येणारी मते मला सारखीच अपुरी वाटतात. धावणारे म्हणतात, आम्ही चांगल्या कामासाठी घाम गाळतो, मग आम्हाला हिशेब कसले विचारता? न धावणारे म्हणतात, एवढे लाख रुपये विमानाच्या तिकिटावर आणि हॉटेलावर घालवण्यापेक्षा तेच संस्थेला देऊन का टाकले नाहीत? पहिल्या प्रश्नाकडे मी नंतर येतो. दुसरा प्रश्न बिनतोड वाटतो खरा, पण देणगी कशी मिळते याची माहिती असणारा माणूस तो तसा विचारणार नाही.

लंडनची मॅरेथॉन २९ मार्च १९८१ रोजी प्रथम झाली. ख्रिस ब्रॅशर आणि जॉन डिस्ले या दोन माजी ऑलिंपिक पदकविजेत्यांनी १९७९ साली न्यूयॉर्कची मॅरेथॉन अनुभवली आणि तशी शर्यत आपल्या शहरात भरवण्याचा ध्यास घेतला. पहिल्या वर्षी सहा हजारांहून थोडे अधिक लोक ती पूर्ण करू शकले. शर्यतीतून जी शिल्लक उरेल ती लोकांच्या खेळांच्या सोयींसाठी वापरायची, हे आयोजकांनी आरंभीच ठरवले होते. मात्र धावणाऱ्यानेच एखाद्या संस्थेसाठी आपल्या ओळखीपाळखीतून पैसे गोळा करायचे, ही प्रथा पुढे इतकी वाढली की आज लंडनमध्ये जिंकणाऱ्यांच्या नावांपेक्षा जमलेल्या रकमेची चर्चा अधिक होते. २०२५ साली त्या एका दिवसाच्या शर्यतीतून ८ कोटी ७३ लाख पौंड, म्हणजे हजार कोटी रुपयांच्या घरातली रक्कम उभी राहिली. १९८१पासूनची बेरीज एक अब्ज पौंडांच्या पलीकडे गेली, त्यालाही काही वर्षे झाली.

अमेरिकेत या प्रथेला संघटित रूप आले ते १९८८ साली. न्यूयॉर्कजवळ राहणारे ब्रूस क्लीलँड यांच्या लहान मुलीला रक्ताचा कर्करोग झाला होता. त्यांनी अडतीस जणांचा चमू जमवला, त्या सर्वांनी त्या वर्षीची न्यूयॉर्क मॅरेथॉन धावण्याची तयारी एकत्र केली आणि रक्तकर्करोगावर काम करणाऱ्या संस्थेसाठी ३ लाख २२ हजार डॉलर गोळा केले. त्या अडतीस जणांनी न धावता स्वतःच्या खिशातून पैसे दिले असते, तर ही रक्कम जमली असती का? प्रत्येकामागे त्याचे सहकारी, शेजारी, नातलग आणि जुने वर्गमित्र होते. त्यांपैकी अनेकांनी त्या संस्थेचे नावही तोवर ऐकले नसावे. 'टीम इन ट्रेनिंग' या नावाने तो उपक्रम अजून चालू आहे आणि त्याची आजवरची जमा दीड अब्ज डॉलरच्या वर गेली आहे. तिकिटाचा पैसा आणि देणगीचा पैसा एकाच थैलीतून येतो, असे गृहीत धरणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पाहावे.

लोक धावणाऱ्याला का देतात, यावर अभ्यासही झालेले आहेत. ख्रिस्तोफर ऑलिव्होला आणि एल्डर शफीर या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले, की एखाद्या सत्कार्यासाठी कष्ट आणि त्रास सोसावा लागणार असेल, तर लोक त्या कार्याला आरामाच्या मेजवानीतून द्यायला तयार असतात त्याहून अधिक देतात. सेरा स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० सालच्या लंडन मॅरेथॉनमधील धावपटूंनी इंटरनेटवर उघडलेल्या देणगी-पानांचा अभ्यास करून २०१५ साली आणखी एक गोष्ट मांडली. त्या पानांवर आधी दिलेल्यांची नावे आणि रकमा दिसतात, आणि आधीच्या देणग्यांची सरासरी दहा पौंडांनी वाढली तर पुढचा माणूस सरासरी अडीच पौंड जास्त देतो. आपल्याकडे लग्नात आहेराची वही उघडी असली, की पुढचा माणूस आधीच्या ओळीवर नजर टाकून मगच पाकिटात हात घालतो, त्यातलाच हा प्रकार. त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. माणसांच्या या स्वभावाचा उपयोग एखाद्या रुग्णालयाला किंवा अंध मुलांच्या वसतिगृहाला होत असेल, तर तो करून घ्यावा.

लंडनमध्ये यापलीकडचीही एक यंत्रणा आहे, जी आपल्याकडच्या वाचकांना सहसा ठाऊक नसते. शर्यतीत प्रवेश मिळणे अतिशय अवघड आहे. २०२५च्या शर्यतीसाठी ८ लाख ४० हजारांहून अधिक अर्ज सोडतीत आले होते, आणि प्रत्यक्ष शर्यत पूर्ण करणारे होते साडेछप्पन हजारांच्या आसपास. या दुर्मिळतेचा उपयोग आयोजकांनी १९९३पासून पद्धतशीरपणे केला. सामाजिक संस्थांनी काही जागा आयोजकांकडून विकत घ्यायच्या आणि सोडतीत नाव न लागलेल्या धावपटूला ती जागा, ठरावीक रक्कम जमवून देण्याच्या वचनावर द्यायची. हे वचन बहुधा दोन हजार पौंडांच्या आसपासचे असते. टोकियोत संस्थेमार्फत धावायचे तर किमान एक लाख येन द्यावे लागतात. संस्थेने जागेसाठी मोजलेले पैसे वजा करूनच तिचा खरा लाभ ठरतो, हे ब्रिटनमधील देणगीदाराला साधारणपणे माहीत असते. आपल्याकडच्या देणगीदाराला कोणी सांगितलेलेच नसते.

आता हिशेबाच्या प्रश्नाकडे येतो. या बाबतीत मला ज्याचे उदाहरण सर्वांत मोलाचे वाटते, तो धावपटू जगभर फिरला नव्हता आणि कोणत्याही मोठ्या शर्यतीचे पदक त्याने मिरवले नव्हते. कॅनडातील टेरी फॉक्स या तरुणाचा उजवा पाय हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, गुडघ्याच्या वर कापावा लागला. रुग्णालयात आपल्याहून लहान मुलांना त्याने त्या रोगाने खंगताना पाहिले. आपण वाचलो ते मागील काही वर्षांच्या संशोधनामुळे, हे त्याला डॉक्टरांकडून कळले होते, म्हणून पैसा उभारायचा तो संशोधनासाठीच, असे त्याने ठरवले. १२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथे अटलांटिक महासागरात कृत्रिम पाय बुडवून तो निघाला. पश्चिमेचा पॅसिफिक किनारा गाठेपर्यंत रोज जवळजवळ एक मॅरेथॉन धावायची, असा त्याचा बेत होता. आजच्यासारखे हलके, लवचीक कृत्रिम पाय तेव्हा नव्हते, आणि चालण्यासाठी बनवलेल्या त्या पायावर लंगडत, उडी घेत धावण्याची त्याची पद्धत चित्रफितींमध्ये पाहताना आजही अंगावर काटा येतो.

सुरुवातीला त्याच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. न्यूफाउंडलंडच्या टोकाला असलेल्या पोर्ट ओ बास्क या जेमतेम दहा हजार वस्तीच्या गावाने मात्र दहा हजार डॉलरहून अधिक रक्कम त्याच्या हाती ठेवली, आणि प्रत्येक कॅनडावासीयाकडून एक डॉलर मिळवायचा, ही कल्पना त्यातून रुजली. क्वेबेक प्रांतात पुन्हा अनोळखी रस्ते, त्रास देणारी वाहने आणि तुरळक देणग्या त्याच्या वाट्याला आल्या. ओंटारिओत पोहोचल्यावर लोक रस्त्याच्या दुतर्फा उभे राहू लागले. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यावर, १ सप्टेंबर १९८० रोजी थंडर बे शहराजवळ त्याला थांबावे लागले, कारण कर्करोग फुप्फुसांत पोहोचला होता. आठवड्याभरात दूरचित्रवाणीवर झालेल्या एका आवाहन-कार्यक्रमातून एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमली, आणि १ फेब्रुवारी १९८१ रोजी एकूण जमा २ कोटी ४१ लाख ७० हजार डॉलर झाली, म्हणजे त्या वेळच्या कॅनडाच्या लोकसंख्येइतकी. २८ जून १९८१ रोजी, तेविसावा वाढदिवस महिन्यावर आलेला असताना, तो गेला.

हिशेब तपासणारा माणूस म्हणून मला या कहाणीतील एक बाजू वेगळी दिसते. गाडी, पेट्रोल आणि बूट त्याला कंपन्यांनी वस्तुरूपाने दिले होते, गाडी त्याचा मित्र चालवत होता, आणि रस्त्यात जमलेला पैसा कर्करोग संस्थेकडे जात होता. मदतीच्या बदल्यात जाहिरात मागणाऱ्या कंपन्यांना त्याने नकार दिला आणि या धावेतून स्वतःला एक पैचाही लाभ होऊ नये, असे बजावले. त्याच्या नावाने सप्टेंबर १९८१पासून जी वार्षिक धाव होते, तिला आजही प्रवेशशुल्क नाही, वेळ नोंदवली जात नाही आणि धावपटूंच्या अंगावर कोणत्याही कंपनीचे नाव नसते. मुंबईतही ही धाव अनेक वर्षे भरवली गेली आहे. ज्या तत्त्वावर ही सर्व उभारणी झाली, ते इतके साधे होते की कोणत्याही लेखापरीक्षकाला त्यावर टिपण लिहायची गरज पडू नये : धावणाऱ्याचा खर्च एका बाजूला, देणाऱ्याचा पैसा दुसऱ्या बाजूला, आणि मधली भिंत अभेद्य.

जगभर धावून पैसा उभारणाऱ्या नंतरच्या लोकांत ही भिंत कधी पक्की दिसते, कधी पातळ. ब्रिटनच्या रोझी स्वेल-पोप यांनी पतीच्या कर्करोगाने झालेल्या मृत्यूनंतर, २ ऑक्टोबर २००३ रोजी, आपल्या ५७व्या वाढदिवशी वेल्समधील टेनबी गावातून धावायला सुरुवात केली आणि रशिया, अलास्का, ग्रीनलंड, आइसलँड असा सुमारे ३२ हजार किलोमीटरचा फेरा पूर्ण करून ऑगस्ट २००८मध्ये त्या परतल्या. सामान एका छोट्या गाडीत घालून त्या स्वतः ओढत होत्या आणि रात्री त्यातच झोपत होत्या, म्हणजे खर्च जवळपास अंगावरचाच. त्याच २००३ साली रॅनल्फ फाइन्स आणि माइक स्ट्राउड यांनी सात खंडांत सात दिवसांत सात मॅरेथॉन पूर्ण केल्या, त्याही फाइन्स यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया होऊन चार-पाच महिनेच झालेले असताना. लाभार्थी होती हृदयविकारावर काम करणारी संस्था, आणि खर्चाला मोटार कंपनीचे प्रायोजकत्व होते, जे उघडपणे मोहिमेच्या नावातच होते. अलीकडे रस कुक या तरुणाने एप्रिल २०२३ ते एप्रिल २०२४ या काळात दक्षिण आफ्रिकेच्या टोकापासून ट्युनिशियाच्या उत्तर टोकापर्यंत आख्खा आफ्रिका खंड धावत पार केला. अंगोलात शस्त्रधारी लुटारूंनी त्याला लुटले, अल्जीरियाच्या व्हिसासाठी मोहीम अडून राहिली, आणि तरीही त्याने दोन संस्थांसाठी दहा लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळवली.

सात दिवसांत सात खंड हा प्रकार २०१५पासून नोंदणी करून भाग घेण्याची स्पर्धा झाला आहे. त्याचे प्रवेशशुल्क तीस लाख रुपयांच्या वर जाते. ज्यांना परवडते त्यांनी ते अवश्य भरावे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र एखादा स्पर्धक तीस-चाळीस लाख रुपयांचे 'मोहिमेचे बजेट' देणगीच्या आवाहनात धरून लोकांसमोर ठेवतो आणि त्यातून उरलेले संस्थेला देणार असल्याचे लहान अक्षरांत लिहितो, तेव्हा देणगीदार प्रत्यक्षात काय विकत घेत आहे हे त्याला कळायला हवे. तो प्रायोजक आहे, दाता नाही. प्रायोजक होण्यातही गैर काही नाही, फक्त त्याला ते आधी माहीत असावे.

आपल्याकडच्या धावपटूंविषयी बोलायचे, तर परदेशी शर्यतीत जाण्याचे चार मार्ग आहेत. सोडत लागणे हा पहिला. वयोगटासाठी ठरलेल्या वेळेत आधीची मॅरेथॉन पूर्ण करून पात्र होणे हा दुसरा, आणि बोस्टनला जाणाऱ्या बहुतेकांचा तो मानाचा मार्ग. अधिकृत प्रवास कंपनीकडून हॉटेलासह बिब, म्हणजे छातीवर लावायचा प्रवेश क्रमांक, विकत घेणे हा तिसरा. आणि संस्थेच्या राखीव जागेवर धावणे हा चौथा. बातमीत मात्र चारही मार्गांनी गेलेले लोक एकाच वाक्यात बसवले जातात. चौथ्या मार्गाने जाणाऱ्यांतही माझ्या परिचयातील अनेकांनी वचन दिलेली रक्कम कोणाकडे न मागता स्वतःच भरून टाकली, कारण आपल्या नातेवाइकांकडे लंडनमधील एखाद्या संस्थेसाठी हात पसरणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. शिवाय त्या देणगीवर येथे करसवलतही नाही. ही लबाडी मुळीच नाही, संस्थेच्या पदरात पैसा पडतोच. परंतु त्यातून एकही नवा देणगीदार जोडला जात नाही, आणि क्लीलँड यांच्या अडतीस जणांनी जे साधले ते येथे साधत नाही. अशा धावपटूने चढ्या दराने प्रवेशशुल्क भरले, एवढाच त्याचा अर्थ.

काही वर्षांपूर्वी एका न्यासाच्या वह्या तपासताना 'निधी संकलन खर्च' या शीर्षाखाली एका परदेश प्रवासाचे विमानभाडे मला आढळले. विश्वस्तांनी ठराव करून ते मंजूर केलेले होते, पावत्या होत्या, आणि कायद्याच्या दृष्टीने त्यात बोट ठेवण्यासारखे काही नव्हते. पण ज्या चार-पाचशे लोकांनी त्या धावपटूच्या आवाहनावर पाचशे-हजार रुपये दिले होते, त्यांतील कोणालाही आपल्या पैशातून तिकीट निघणार असल्याचे सांगण्यात आले नव्हते. धावपटूला विचारले, तेव्हा ही रक्कम वजा झाल्याचे त्यांनाही ठाऊक नसल्याचे निघाले. कार्यालयातील कोणीतरी परस्पर सोय लावून टाकली होती. त्यांनी दुसऱ्याच दिवशी धनादेश पाठवला. अशा प्रकरणांत वाईट हेतू क्वचितच असतो. बहुतेक वेळा कोणी विचारलेले नसते, एवढेच.

न विचारल्याने काय होते, याचा मोठ्या प्रमाणावरचा धडा ब्रिटनने घेतला आहे. टाळेबंदीच्या काळात, २०२० साली, शंभरीला टेकलेले कॅप्टन टॉम मूर यांनी चालण्याच्या आधाराने आपल्या अंगणात शंभर फेऱ्या घातल्या आणि आरोग्यसेवेच्या संस्थांसाठी करसवलतीच्या परताव्यासह ३ कोटी ८९ लाख पौंड जमले. ती रक्कम योग्य ठिकाणी पोहोचली, तिच्याविषयी वाद नाही. त्यांच्या नावाने कुटुंबीयांनी पुढे वेगळा न्यास स्थापन केला, त्याची चौकशी मात्र तेथील धर्मादाय आयोगाला करावी लागली. नोव्हेंबर २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात कुटुंबीयांच्या वारंवार झालेल्या गैरवर्तनावर आणि त्यांना मिळालेल्या खासगी लाभावर आयोगाने स्पष्ट ठपका ठेवला. पुस्तकांच्या विक्रीतून न्यासाला मदत होईल, असा खरेदी करणाऱ्यांचा समज झाला होता आणि तो खरा ठरला नाही. वृद्ध सैनिकाच्या निष्कलंक कामावर जे सावट पडले, ते त्याच्या हयातीनंतर पडले, ही त्यातली आणखी क्लेशकारक गोष्ट. आपल्याकडे असे काही घडल्यास त्याचा तपास लागण्याची शक्यता, न्यासांची संख्या आणि तपासणाऱ्यांची संख्या पाहता, माझ्या अनुभवानुसार फार कमी आहे.

मुंबईच्या मॅरेथॉनचा उल्लेख केल्याशिवाय हे पत्र एकांगी होईल. २००४ साली सुरू झालेली आणि दर जानेवारीतील तिसऱ्या रविवारी होणारी ही शर्यत देणग्यांच्या दृष्टीने देशातील सर्वांत मोठा क्रीडाप्रसंग आहे. २०२४ साली तिच्यातून सुमारे ७२ कोटी रुपये उभे राहिले आणि आजवरची एकूण रक्कम चारशे कोटींच्या पुढे आहे. लंडनच्या तुलनेत हा आकडा लहान असला, तरी येथील बराच पैसा लहान संस्थांना मिळतो, ज्यांच्यासाठी पाच लाख रुपये म्हणजे एका शिक्षिकेचा वर्ष-दोन वर्षांचा पगार असतो. निधीचे काम युनायटेड वे मुंबई ही संस्था पाहते, सहभागी संस्थांची छाननी होते, आणि पैसा थेट नोंदणीकृत संस्थेकडे जात असल्याने धावपटूच्या हाताला तो लागतच नाही. कंपन्यांचे चमू पैसे भरून 'ड्रीम रन' या हौशी लोकांच्या छोट्या धावेत रंगीबेरंगी टोप्या घालून चालतात, यावर नाके मुरडणारे पुष्कळ आहेत, मीही कधी काळी त्यांत होतो. पण हिशेबाच्या बाजूने पाहिले, तर पहाटेच्या लोकलने विरारहून किंवा कल्याणहून येऊन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाचा प्रवासखर्च दोन आकड्यांतच राहतो, आणि त्याने मिळवलेल्या देणगीचा जवळपास प्रत्येक रुपया कामी येतो.

परदेशस्थ मराठी मंडळींची अडचण निराळी आहे आणि तिच्याविषयी फारसे लिहिले जात नाही. अमेरिकेत १९९१ साली बर्कली येथे सुरू झालेल्या 'आशा फॉर एज्युकेशन' या स्वयंसेवी संस्थेचे 'टीम आशा' हे धावपटूंचे गट भारतातील शिक्षणाच्या कामांसाठी मॅरेथॉन धावतात, आणि अशा गटांत मराठी तरुण-तरुणी असतात. तेथे नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत जाणारा हा मार्ग सरळ आहे. मात्र लंडनमध्ये किंवा न्यू जर्सीत राहणारा एखादा जण आपल्या गावातील वाचनालयासाठी किंवा बालगृहासाठी स्वतंत्रपणे देणगीचे पान उघडतो, तेव्हा तो नकळत परदेशी योगदान नियमन कायद्याच्या कक्षेत येतो. २०१० सालच्या या कायद्यानुसार नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला परदेशी स्रोताकडून देणगी घेता येत नाही. भारतीय पारपत्र असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी योगदान ठरत नाहीत. पण त्याच माणसाने ब्रिटिश नागरिकत्व घेतले असेल, तर ठरतात, आणि त्याच्या पानावर दहा-वीस पौंड देणारे त्याचे इंग्रज सहकारी तर परदेशी स्रोतच आहेत. २०२०च्या दुरुस्तीनंतर असा निधी प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावा लागतो, त्यातून प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांहून अधिक करता येत नाही, आणि नोंदणी असलेली मोठी संस्था तो पुढे लहान संस्थेला हस्तांतरित करू शकत नाही. म्हणजे मुंबईतील एखाद्या परिचित संस्थेकडे पैसे पाठवून ते धाराशिव जिल्ह्यातील वसतिगृहाला द्यायला सांगणे, ही पूर्वीची वाट आता बंद आहे. धाव संपल्यावर हे कळले, तर जमलेला पैसा अडकून पडतो किंवा देणगीदारांना परत करावा लागतो. म्हणून लाभार्थी संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यातच मागून घ्यावे, बूट नंतर घेतले तरी चालतील.

या सर्व पार्श्वभूमीवर आपल्या वृत्तपत्राला माझी एक विनंती आहे. अशी बातमी घेताना वार्ताहराने धावपटूकडून लाभार्थी संस्थेचे नाव, तिला प्रत्यक्ष पोहोचलेली रक्कम आणि त्या रकमेची संस्थेने दिलेली पावती मागावी, प्रवासाचा खर्च कोणी केला ते विचारावे, आणि हे तपशील शर्यतीच्या वेळेशेजारी छापावेत. ज्यांनी केवळ हौसेने, स्वतःच्या पैशाने शर्यत पूर्ण केली, त्यांच्या बातमीत समाजसेवेचे वाक्य मुळीच जोडू नये. बेचाळीस किलोमीटर धावणे हे तेवढ्यानेच छायाचित्र छापण्याच्या योग्यतेचे असते. भारतातील संस्थेची पावती मागण्यात संकोच वाटण्याचेही कारण नाही, कारण करसवलतीला पात्र असलेली प्रत्येक संस्था देणगीदाराला प्रमाणपत्र देण्यास तशीही बांधील आहे.

शक्य झाल्यास, दरवर्षी अशा दोन-तीन बातम्या निवडून सहा-आठ महिन्यांनी आपल्या प्रतिनिधीला त्या संस्थेत पाठवावे आणि पैसा आला किती, तो कशावर खर्च झाला आणि किती अजून बँकेत पडून आहे, याचा वृत्तान्त छापावा. येत्या जानेवारीतील मुंबईच्या शर्यतीपासून याचा आरंभ करता येईल. ताळेबंद वाचून दाखवायला कोणी हवे असल्यास मी विनामोबदला येईन.

कळावे,

आपला विश्वासू,
एक सनदी लेखापाल
पुणे